आजोबांची गाडी वखारीतनं बाहेर काढताना : वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात जुन्या गाड्यांचा विषय निघाला आणि इतकी पत्रं आली की यावेळी दुसरा विषय घेतच नाही. निपाणी, खानापूर, बेळगाव, चिकोडी, सगळीकडनं. बऱ्याच पत्रांत प्रश्न एकच आहे, घरातली गाडी उभी आहे, चालू करायची आहे, सुरुवात कुठनं करू. त्यातली चार पत्रं इथे घेतोय, थोडी कापून.

प्रश्न : काका नमस्कार. आमचं गाव निपाणीजवळ. आजोबांचा तंबाखूचा व्यापार होता, त्यांनी घेतलेली १९६८ ची फियाट डिलाईट १९९९ पासून वखारीत उभी हाय. आजोबा गेले, नंतर वडिलांनी काय हात लावला नाही. मी पुण्याला नोकरीला असतो, दिवाळीत आलो तवा ताडपत्री काढून बघितली, हँडल मारलं तर इंजिन हलतच नाही. गावातला मेकॅनिक म्हणतो हे काढून टाकू, मारुतीचं इंजिन बसवू, आठ दिवसांत गाडी पळती करतो. पेंटर म्हणतो आधी लाल कलर मारून घ्या, मग बघू. चैत्रात जोतिबाला गाडी न्यायची अशी आईची इच्छा हाय. कुठनं सुरू करू सांगा की.

मित्रा, आधी त्या दोघांनाही "बघतो" म्हण आणि गाडीला हात लावू देऊ नकोस. दोघं वाईट माणसं नाहीत, पण दोघांनाही तुझी गाडी लवकर संपवायची आहे आणि तुला ती परत मिळवायची आहे, यात फरक आहे.

ताडपत्री काढलीस ते बरं केलंस. आता गाडी जागेवरनं ढकलू नको. मोबाईल घे आणि आहे त्या जागेवर फोटो काढ, शंभर दोनशे निघाले तरी चालतील. बोनेटखालची प्रत्येक वायर कुठनं कुठं जाते, डॅशबोर्डखाली काय लोंबतंय, दाराचे रबर कसे बसलेत, डिकीत काय पडलंय. गाडीखाली जमिनीवर डाग कुठे आहेत तेही बघ, इंजिनखाली असेल तर तेल, चाकांच्या आतल्या बाजूला असेल तर ब्रेक ऑइल. सहा महिन्यांनी बोल्टांचा डबा समोर घेऊन बसशील तेव्हा हे फोटोच कामाला येतात. आणि सीटखाली हात घालून बघ. आमच्या वडिलांच्या फियाटमध्ये मागच्या सीटखाली पेठेतल्या वजनकाट्याच्या तीन पावत्या आणि चिमूटभर तंबाखूचा चुरा निघाला होता, त्या पावत्या मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून अजून त्याच गाडीत ठेवल्यात.

आता इंजिन. हलत नाही म्हणजे मेलं असं नाही. पंचवीस वर्षं उभं राहिलं की पिस्टनच्या रिंगा सिलिंडरला गंजून चिकटतात, बहुतेक वेळा एवढंच असतं. चारही स्पार्क प्लग काढ, काढायच्या आधी त्यांच्या खळग्यातली माती हवेनं उडवून घे नाहीतर ती सगळी आत पडते. मग अर्धं डिझेल अर्धं इंजिन ऑइल असं मिश्रण करून प्रत्येक भोकात चहाचा अर्धा कप ओत आणि विसरून जा. आठवडाभर. रोज जाऊन हँडल फक्त हातानं दाबून बघायचं, दोन्ही बाजूंना थोडं थोडं, लाथ नाही मारायची आणि लांब पाइप लावून जोर तर अजिबात नाही. दोरी बांधून गाडी ओढून गिअर टाकायचा हा गावठी उपाय कुणी सांगेल, तो केला की रिंगा तुटतात नाहीतर कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग खरोखरच इंजिन जातं. आमची गाडी अकरा दिवस तशीच होती, बाराव्या दिवशी सकाळी हँडल बोटभर सरकलं, आईला हाक मारून दाखवलं होतं मी ते.

हललं की प्लग न लावताच पाच दहा फेरे पूर्ण फिरव, आतलं डिझेल बाहेर उडेल, डोळे सांभाळ. तोपर्यंत चेंबरचं, म्हणजे इंजिनच्या तळाशी साठलेलं, जुनं तेल काढलेलं असू दे. ते तेल काचेच्या बाटलीत घेऊन बघ, दुधाच्या चहावर साय धरते तसं पांढुरकं दिसलं तर तेलात पाणी गेलंय, म्हणजे गॅस्केट गेलंय किंवा हेड (इंजिनचं वरचं झाकण) वाकलंय. या गाडीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं, एकदा जरी खूप गरम झालं असेल तरी वाकतं. मग हेड उतरवून फेस मारून घ्यायचा, म्हणजे मशीनवर खालची बाजू सपाट करून घ्यायची, दुसरा मार्ग नाही.

आणि समजा आठवडा दोन आठवडे करून पण नाहीच हललं, तर इंजिन उतरवून बेळगावला उद्यमबागेत ने. आपल्या भागाचं हे नशीब आहे, फाउंड्री आणि मशीन शॉप दारात आहेत, बोअर करणं, क्रँक ग्राइंडिंग, व्हॉल्व्ह सीट बसवणं ही कामं तिथे रोजची आहेत. कोल्हापूरच्या उद्यमनगरातही होतात, तुला जे जवळ पडेल ते. एक गोष्ट मात्र कागदावर लिहून दे त्यांना. आपल्याकडे कुर्ल्याला प्रीमियर कंपनीत जी फियाट बनायची तिचं इंजिन १०८९ सीसी, सिलिंडरचा बोअर (आतला व्यास) ६८ मिमी आणि स्ट्रोक (पिस्टनची वरखाली चाल) ७५. डिलाईट म्हणजे फियाट ११०० डीच, पण इटलीत ह्याच ११०० डी नावाच्या गाडीला १२२१ सीसीचं इंजिन होतं, त्याचा बोअर ७२. इंटरनेटवर परदेशातनं पिस्टन, रिंगा मागवणारे इथेच फसतात, नाव तेच असतं, डबा उघडला की माल बसत नाही. आपलं १०८९ चं इंजिन डिलाईटनंतर पद्मिनीलाही तेच राहिलं, म्हणून पद्मिनीचे पार्ट बघ, ते मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, पुण्यात नाना पेठेत विचारलेस तर अजून निघतात. तू पुण्यातच आहेस, एक रविवार घाल. पण लवकर घाल, कारण मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरनं गेली, आणि ज्या दुकानांत हा माल फिरत होता तो त्या टॅक्सीवाल्यांमुळेच फिरत होता. रबरी वस्तू, ब्रेकचे किट, गॅस्केट, पंपाचा पडदा, हे आधी घेऊन ठेव.

मारुतीचं इंजिन बसवायचं का? नाही. गाडी पळेल, खोटं कशाला बोलू, कदाचित चांगली पळेल. पण आरसीवरचा इंजिन नंबर बदलायला आरटीओची परवानगी लागते, शिवाय तुझी गाडी पन्नास वर्षांच्या वरची आहे म्हणजे उद्या व्हिंटेज म्हणून नोंद करायची ठरवलीस तर मूळ स्वरूपातली गाडी लागते, तो दरवाजा तू स्वतः बंद करणार. आणि कायदा बाजूला ठेव. आजोबांनी त्या इंजिनचा आवाज ऐकत निपाणी ते कोल्हापूर किती फेऱ्या मारल्या असतील, घरातल्या म्हाताऱ्या माणसांना तो आवाज अजून ओळखता येईल. तो फेकून पत्र्याचं खोकं तेवढं ठेवायचं हे मला पटत नाही.

पेट्रोल. टाकीत जे आहे ते पेट्रोल राहिलेलं नाही, वॉर्निशसारखा वास येईल, तळाला डिंक जमलेला असेल. टाकी उतरवून धुवायचीच. जुन्या पेट्रोलवर चालू करायचा मोह झाला तरी करू नको, तो डिंक कार्बोरेटरच्या जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात) जाऊन बसतो आणि मग महिनाभर तेच साफ करत बसायचं. पहिल्यांदा इंजिन सुरू करशील तेव्हा बाजूला आग विझवायचा सिलिंडर आणि एक जाणता माणूस पाहिजे, वखारीत नाही, उघड्यावर.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्याबद्दल तुझ्या पत्रात एक शब्द नाही. ब्रेक. इंजिन सुरू झालं की लोकांना धीर धरवत नाही, लगेच गल्लीत फेरी. ह्या गाडीत चारही चाकांना ड्रम आहेत आणि त्या काळच्या गाडीत ब्रेकची ऑइल लाईन एकच, एका चाकाच्या सिलिंडरमधनं गळती झाली की पेडल सरळ तळाला जातं आणि चारही चाकं मोकळी. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे इतकी वर्षं उभ्या गाडीत चाकांचे सिलिंडर आतनं गंजलेलेच असतात. मास्टर सिलिंडर, चार चाकांचे सिलिंडर, तीन रबरी होज, लाइनर, सगळं उघड, फक्त वायसर बदलून भागवू नको. जोतिबाला चढताना गाडी दमेल तर थांबवून पाणी घालता येईल, उतरताना ड्रम तापले आणि पेडल मऊ झालं तर आई शेजारच्या सीटवर बसलेली आहे हे लक्षात ठेव. दुसऱ्या गिअरवर उतरायचं, ब्रेकवर पाय ठेवून नाही. आणि टायर वरनं चांगले दिसले तरी बदल, पंचवीस वर्षांचं रबर आतनं फुटलेलं असतं.

चैत्र पौर्णिमेपर्यंत हे सगळं होईल का? खरं सांगू, दिवाळी ते चैत्र म्हणजे पाच महिने आणि तू सुट्टीतच येणार. मला नाही वाटत. आईला आत्ताच सांगून टाक की पुढच्या वर्षी.

कलर शेवटी. मूळ रंग कोणता होता ते डिकीच्या रबराखाली किंवा ग्लोव्ह बॉक्सच्या आतल्या बाजूला बघ, तिथे ऊन लागलेलं नसतं. तोच मार. स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्यावरची गोळी मात्र नवी घालू नको. आमच्या गाडीत ती गोळी एका बाजूला चपटी झालीय, बरोबर तिथे जिथे वडिलांचा अंगठा दाबायचा. नवी मिळत होती दुकानात, हातात घेतली आणि परत ठेवली.

प्रश्न : दादा, मी बेळगाव टिळकवाडीची. बाबा दोन वर्षांपूर्वी गेले. त्यांची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी, कोल्हापूर पासिंग, ते तिकडे नोकरीला होते तेव्हाची. तीस वर्षं झाली आम्ही इकडे आलोय पण गाडी बाबांच्याच नावावर आणि महाराष्ट्राच्याच नंबरवर आहे. भाऊ म्हणतो पंधरा वर्षं झाली की सरकार भंगारातच घालतंय, विकून टाकू. मला ती ठेवायची आहे. कागदांचं काय करू?

ताई, भावाला आधी हे सांगा की पंधरा वर्षांनी गाडी भंगारात हा नियम आपल्याकडे नाहीये. तो दिल्लीच्या बाजूचा विषय, पेट्रोल गाडीला पंधरा आणि डिझेलला दहा, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तो सगळ्या देशाचा होऊन फिरतोय. आपल्याकडे खाजगी गाडीचं रजिस्ट्रेशन पंधरा वर्षांचं असतं, ते संपलं की गाडी तपासणीला नेऊन पुढच्या पाच पाच वर्षांसाठी वाढवून घ्यायचं. जुन्या गाडीची फी वाढवलीय आणि मुदत संपून जितके दिवस गेले त्याचा दंडही बसतो, तो जाऊन भरायचा, पण गाडी तपासणीत पास होतेय तोवर ती तुमचीच.

तुमच्या गाठी तीन आहेत. पहिली वारसाची. मालक गेल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नावावर करायचा अर्ज द्यायचा असतो, त्याचा फॉर्म ३१. तुम्हाला उशीर झालाय, घाबरू नका, दंड भरून होतं. मृत्यूचा दाखला, वारसांची वंशावळ (आपल्याकडे नाडकचेरीतनं, म्हणजे कर्नाटकातल्या महसूल कचेरीतनं मिळते), आणि भावाची लेखी संमती. ही संमती आत्ता घ्या, भावाशी गोडीत असताना. मी जे वाद बघितलेत ते गाडीवरनं सुरू होत नाहीत, पण गाडीवर येऊन अडतात.

दुसरी गाठ नंबरची. एका राज्यातली गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांच्या वर ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. आपल्या सीमाभागात अर्धी माणसं इकडे राहून तिकडचा नंबर चालवतात, एक पाय निपाणीत एक कागलात, सवयच आहे, पण कुणी अडवलं की उत्तर देता येत नाही. कोल्हापूर आरटीओकडनं एनओसी, तो फॉर्म २८, मग बेळगावला नवीन नंबरसाठी फॉर्म २७ आणि कर्नाटकचा टॅक्स. १९८३ चा नंबर म्हणजे जुन्या तीन अक्षरांच्या मालिकेतला, त्याची नोंद कॉम्प्युटरवर चढलेली नसण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून कोल्हापूरला पहिल्यांदा जाल तेव्हा जुन्या रजिस्टरमधली नोंद ऑनलाइन करून मागा. आपल्याकडे ज्याला बी एक्स्ट्रॅक्ट म्हणतात तो उतारा हातात आला की निम्मं काम झालं. रजिस्ट्रेशन संपलेलं असेल तर एनओसीच्या आधी नूतनीकरण मागतील, म्हणून क्रम त्याच खिडकीवर विचारून घ्या.

एक पोटतिडकीनं सांगतो. मूळ आरसी बुक एजंटच्या हातात देऊ नका. आमच्याकडनं एकानं "उद्या आणून देतो" म्हणून नेलं आणि चार महिने हेलपाटे घालायला लावले, त्या पुस्तकात वडिलांची सही होती. झेरॉक्स द्या, मूळ स्वतः घेऊन जा, खिडकीवर दाखवा आणि परत पिशवीत. इकडचे फॉर्म कन्नडमध्ये असतील तर वाचता येणारं कुणीतरी सोबत न्या, शेजारचा कॉलेजचा पोरगा पण चालतो, न वाचता सही करू नका.

तिसरी गाठ खरं तर गाठ नाही. लोक सांगतील व्हिंटेजमध्ये घाला, सगळं सोपं होतं. २०२१ च्या जुलैत केंद्राने तो नियम आणला पण तो पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांच्या वरच्या गाड्यांना आहे, तुमची २०३३ मध्ये बसेल. आणि तेव्हाही विचार करूनच घाला, कारण व्हिंटेज नोंद केली की गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला आणि पेट्रोल भरायला तेवढी रस्त्यावर काढता येते, रोजच्या वापराला नाही. तुम्हाला ती खडेबाजारात कुंदा आणायला न्यायची असेल तर साधं रजिस्ट्रेशनच बरं. (निपाणीच्या मित्रा, हे तुलाही लागू आहे, जोतिबाची यात्रा रॅलीत मोडत नाही.)

प्रश्न : खानापूर तालुक्यातनं लिहितोय, जांबोटीच्या बाजूला. १९७२ ची अ‍ॅम्बेसेडर मार्क टू, चुलत्यांकडनं आली. इंजिन चालू आहे, पण पावसानं पत्रा खाल्लाय. डेंटर म्हणतो लांबी (पुट्टी) भरून देतो, बाहेरनं कळणार पण नाही. करू का?

नको. बाहेरनं कळणार नाही हेच तर वाईट आहे.

अ‍ॅम्बेसेडरला ट्रकसारखी वेगळी चासी नसते, बॉडी हीच चासी, दारांच्या खालची सिल आणि फ्लोअर गेला की गाडीची ताकदच गेली. साधं लोहचुंबक घ्या, फ्रीजवर लावतात तसलं, पातळ कापडात गुंडाळा म्हणजे चरे पडणार नाहीत, आणि सिल, दारांचा खालचा भाग, चाकांच्या कमानी यांच्यावरनं फिरवा. जिथे चिकटत नाही तिथे आधीच कुणीतरी लांबी भरून ठेवलीय. नंतर गाडी ठोकळ्यांवर घेऊन खालनं स्क्रू ड्रायव्हरनं टोचून बघा, विशेष करून मागचे पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे बॉडीला अडकतात तिथे आणि जॅक लावायच्या जागी. आरपार जात असेल तर चांगला पत्रा लागेपर्यंत कापायचं आणि नवा पत्रा वेल्ड करायचा. दोन्ही बाजूंच्या सिल एकदम कापू देऊ नका, एक बाजू पूर्ण करून मग दुसरी, खालनं आधार देऊन आणि दारं अडकवलेली असताना, नाहीतर बॉडी मधनं खचते आणि मग दारं कधीच नीट लागत नाहीत. असं झालेली एक गाडी मी बघितलीय, मागचं दार दोरीनं बांधलेलं होतं.

आणि तुमच्याकडच्या पावसात प्लास्टिकची ताडपत्री गाडीवर टाकत असाल तर आजच काढा. आतली ओल आतच राहते, झाकलेली गाडी उघड्या गाडीपेक्षा लवकर सडते. वर पत्र्याचं छप्पर, बाजू मोकळ्या, अंगावर जुनी सुती चादर, खाली मातीऐवजी फरशी. एवढं पुरे.

प्रश्न : पंपावर आता वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. जुनी फियाट आहे, महिन्यातनं दोनदा काढतो. काय होईल?

गंमत बघा, हे इथेनॉल आपल्याच ऊसाचंही असतं, कारखाने आपल्याच जिल्ह्यातले. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, चांगलंच आहे, पण साठच्या दशकातल्या रबराला ते सोसत नाही. जुने होज फुगतात, मऊ पडतात, पंपाचा पडदा ताठ होतो, आणि इथेनॉल पाणी ओढतं त्यामुळे गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकी आतनं गंजते, कार्बोरेटरच्या वाटीत पांढरी पूड दिसते. इथेनॉलच्या पेट्रोलला चालतील असे होज मागून घ्या, पंपाचा पडदाही तसाच, टाकीनंतर एक फिल्टर टाका आणि पहिले दोन महिने तो वारंवार बघा कारण टाकीत चिकटलेली वर्षांची घाण हे पेट्रोल सोडवून आणतं. गाडी उचल खाताना अडखळायला लागली किंवा जास्त तापायला लागली तर मिश्रण पातळ पडतंय, जाणत्या माणसाकडनं मेन जेट एक नंबर मोठा करून घ्या. टाकी भरून महिनोन्‌महिने उभी करू नका, लागेल तेवढंच भरा. आणि महिन्यातनं दोनदा काढताच आहात, तर किल्ली फिरवायच्या आधी बोनेट उघडून पेट्रोलच्या होजवर अंगठा आणि बोट फिरवा. बोटाला काळं लागलं किंवा वास आला तर त्या दिवशी गाडी काढू नका, होज बदला.